शेजारची आग आणि दोन कारभारी

आफ्रिकेच्या दक्षिण भागात दोन वर्षांच्या अंतराने दोन देश स्वतंत्र झाले. एक श्रीमंत, एक कंगाल. दोघांच्याही दारात वर्षानुवर्षे युद्ध पेटलेले. पुढे श्रीमंत देश कर्जबाजारी झाला आणि कंगाल देश सावरला. हे कसे घडले? दोष शेजाऱ्यांचा किती आणि घरच्या कारभाऱ्यांचा किती?

घर घेताना आधी शेजार पाहावा, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगतात. जागा चार हात लहान असली तरी चालेल, पण भिंतीपलीकडची माणसे बरी हवीत, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचा निष्कर्ष असतो. शेजार वाईट निघाला तर माणूस बिऱ्हाड हलवू शकतो. निदान तसा विचार तरी करू शकतो. देशाला ही सोय नाही. भूगोलाने ज्याच्या मांडीला मांडी लावून बसवले, त्याच्याशेजारी पिढ्यान् पिढ्या बसायचे. त्याच्या घरात भांडण पेटले की निर्वासित आपल्या दारात येतात, आपले रस्ते बंद होतात, आणि कधीकधी त्याच्या तोफेचा गोळा आपल्या अंगणात पडतो.

अशा वेळी मधल्या देशाच्या प्रगतीचे काय होते? त्यातले किती नशिबावर सोडायचे आणि किती नेत्याच्या पदरात घालायचे? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी सिद्धांतांत शोधण्यापेक्षा दोन खऱ्या देशांच्या कहाणीत शोधलेले बरे. हे देश म्हणजे झांबिया आणि बोत्स्वाना. आपल्या वर्तमानपत्रांत त्यांची नावे क्वचितच येतात. पण ज्या हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात आणि ज्यांचे सौदे मुंबईच्या हिरेबाजारात होतात, त्यांतले कितीतरी बोत्स्वानाच्या खाणींतून आलेले असतात. लग्नात घेतलेल्या अंगठीतला एखादा खडा तिथला असला, तर नवल नाही.

नदीवरचा वाकडा पूल

झांबेझी नदीवरचा व्हिक्टोरिया धबधबा आपण चित्रांत पाहिलेला असतो. त्याच्या वरच्या अंगाला सुमारे सत्तर किलोमीटरवर कझुंगुला नावाचे ठिकाण आहे. झांबिया, बोत्स्वाना, झिम्बाब्वे आणि नामिबिया हे चार देश इथे जवळजवळ एका बिंदूत मिळतात. त्यातल्या त्यात झांबिया आणि बोत्स्वाना यांची सामाईक सीमा नदीच्या पात्रात जेमतेम दीडशे मीटरची.

या चिमुकल्या सीमेवर १० मे २०२१ रोजी ९२३ मीटर लांबीच्या एका पुलाचे उद्घाटन झाले. हा पूल सरळ नाही. नदी ओलांडताना तो मध्येच वळण घेतो. सरळ बांधला असता तर तो शेजारच्या देशाच्या हद्दीत शिरला असता, म्हणून अभियंत्यांनी त्याला वाकवला. पूल होण्यापूर्वी इथे तराफ्यासारख्या फेरीबोटी चालत आणि मालमोटारींच्या रांगा दिवसेंदिवस काठावर ताटकळत.

ही फेरीसुद्धा शेजाऱ्यांना खुपत होती. या दोन देशांना सामाईक सीमाच नाही, सबब फेरी बेकायदा आहे, असा दावा दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने १९७० मध्ये केला होता. ऱ्होडेशियाच्या लष्कराने तर १९७९ मध्ये हल्ला करून फेरीबोट बुडवली. दीडशे मीटर पाण्यासाठी एवढा आटापिटा का, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

चहूबाजूंनी वणवा

झांबिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटला, तर बोत्स्वाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी. दोन्ही देश भूवेष्टित. म्हणजे समुद्रकिनारा नाही. माल बाहेर न्यायचा किंवा आत आणायचा तर शेजाऱ्याच्या अंगणातूनच जायचे. आणि शेजारी कसे? दक्षिणेला वर्णभेदाच्या कायद्यांनी बांधलेली दक्षिण आफ्रिका. नामिबिया तिच्याच मुठीत. अंगोला आणि मोझांबिक पोर्तुगालच्या वसाहती; तिथे स्वातंत्र्याचे सशस्त्र लढे सुरू. आणि या सगळ्यांच्या मधोमध ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिम्बाब्वे.

ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांचे राज्य होते. बहुसंख्य काळ्या जनतेला सत्ता देण्याची वेळ येऊ नये, म्हणून पंतप्रधान इयान स्मिथ यांनी ११ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनपासून परस्पर स्वातंत्र्य जाहीर करून टाकले. जगाने या राजवटीवर बहिष्कार घातला. पुढची चौदा-पंधरा वर्षे तिथे गनिमी युद्ध चालले. लढणारे तरुण, पळून आलेले निर्वासित आणि त्यांचा पाठलाग करणारे सैनिक हे सारे सीमा ओलांडून झांबियात आणि बोत्स्वानात येऊ लागले. या दोन देशांना पहिला श्वास घेतानाच धुराचा ठसका लागला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

एक श्रीमंत, एक कंगाल

आगीची झळ सारखी असली तरी दोघांची ऐपत सारखी नव्हती. झांबियाकडे तांबे होते. जगातल्या मोठ्या तांबे उत्पादकांत त्याची गणना होई. १९६९ मध्ये तिथे सात लाख टनांहून अधिक तांबे निघाले. निर्यातीच्या उत्पन्नापैकी नऊदशांशाहून अधिक पैसा तांब्याचा. पण शिकलेली माणसे फारच थोडी होती. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात आफ्रिकी पदवीधर सुमारे शंभर. तरीही नव्या आफ्रिकी देशांत झांबिया सुखवस्तू समजला जाई.

बोत्स्वानाची गोष्टच वेगळी. आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, पण बहुतेक भाग कालाहारीचे वाळवंट आणि लोकसंख्या पाच-सहा लाख. ब्रिटिशांना या मुलखात इतका कमी रस होता, की त्यांनी त्याचा कारभार देशाबाहेरून, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावातून चालवला. स्वातंत्र्य जवळ आल्यावर गॅबोरोन येथे राजधानी नव्याने बांधावी लागली. त्या वेळी देशात डांबरी रस्ता होता सुमारे बारा किलोमीटर. विद्यापीठाचे पदवीधर बावीस, आणि माध्यमिक शाळा पूर्ण केलेले शंभर. त्यात भीषण दुष्काळ. गुरे हीच काय ती संपत्ती; तीही मरत होती. सरकारचा निम्म्याहून अधिक खर्च ब्रिटनच्या अनुदानावर चाले. हा देश टिकेल, असे छातीठोकपणे सांगणारे फारसे कोणी नव्हते.

त्या काळी एखाद्याला विचारले असते की या दोघांपैकी तीस वर्षांनी कोण पुढे असेल, तर त्याने डोळे झाकून झांबियाचे नाव घेतले असते.

कौंडांनी दार लावले

झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा हे मिशनरी वातावरणात वाढलेले शिक्षक. हातात सदैव पांढरा रुमाल. भाषण करताना कधी कधी डोळ्यांत पाणी येई. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. भारताने त्यांना जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला, आणि १९७० मध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद त्यांच्याच राजधानीत, लुसाकामध्ये भरली. असा हा माणूस शेजारी चाललेला अन्याय पाहून स्वस्थ बसणे शक्य नव्हते.

पण त्यांची अडचण पाहा. झांबियाचे तांबे बाहेर जाई ते ऱ्होडेशियाच्या रेल्वेने, व्हिक्टोरिया धबधब्याजवळचा पूल ओलांडून. भट्ट्यांना लागणारा कोळसा येई ऱ्होडेशियातून. तेल येई ऱ्होडेशियातून. वीज येई झांबेझीवरच्या करिबा धरणातून, आणि त्याचे वीजघर होते दक्षिण काठावर, म्हणजे ऱ्होडेशियातच. ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच हातात आपल्या घराचा नळ, चूल आणि दिवा, अशी ही अवस्था.

तरीही कौंडा मागे हटले नाहीत. १९६५ च्या अखेरीस तेल बंद झाल्यावर विमानांनी तेल आणले गेले. मालमोटारी उत्तरेकडच्या खडतर रस्त्याने हिंदी महासागरावरील दार-ए-सलाम बंदराकडे जाऊ लागल्या. त्या रस्त्यावर इतके अपघात झाले की चालकांनी त्याला नरकाची वाट असे नाव ठेवले. १९६८ मध्ये सतराशे किलोमीटरहून लांब तेलवाहिनी टाकली गेली. मग आली रेल्वे. टांझानियातून समुद्रापर्यंत जाणारा हा लोहमार्ग आर्थिकदृष्ट्या परवडणार नाही, असे सांगून जागतिक बँकेने अंग काढून घेतले होते. चीनने बिनव्याजी कर्ज दिले, हजारो कामगार पाठवले, आणि १९७० ते १९७५ या काळात १,८६० किलोमीटरचा मार्ग बांधून पूर्ण झाला.

त्याआधीच, जानेवारी १९७३ मध्ये, स्मिथ यांनी झांबियाची सीमा बंद केली. गनिमांना आसरा दिल्याची ही शिक्षा होती. पण आपलेच नुकसान होते आहे हे पाहून काही आठवड्यांतच त्यांनी ती पुन्हा उघडली. आता कौंडांची पाळी होती. दार उघडे होते. त्यांनी ते आपल्या बाजूने लावून घेतले. ते १९७८ च्या ऑक्टोबरपर्यंत लावलेलेच राहिले.

या निर्णयाची किंमत मोजायला लगेच सुरुवात झाली. १९७५ मध्ये अंगोलात यादवी पेटली आणि अटलांटिककडे जाणारा बेंग्वेला लोहमार्ग बंद पडला. म्हणजे दक्षिणेचे दार आपण लावलेले, पश्चिमेचे दुसऱ्यांनी लावले. उत्तरेला दार-ए-सलाम बंदरात मालाचे डोंगर साचले. शेवटी १९७८ मध्ये पेरणीच्या तोंडावर खत वेळेत पोहोचेना, तेव्हा कौंडांना दक्षिणेची रेल्वे पुन्हा सुरू करावी लागली. त्याच महिन्यात ऱ्होडेशियाच्या विमानांनी लुसाकाजवळच्या गनिमांच्या तळांवर बाँब टाकले. पुढच्या वर्षी झांबियातले पूल उडवले गेले. त्यात नव्या रेल्वेचा चांबेशी नदीवरचा पूलही होता.

मधल्या काळात, ऑगस्ट १९७५ मध्ये, एक विलक्षण दृश्य जगाने पाहिले. व्हिक्टोरिया धबधब्याच्या पुलावर, दोन देशांच्या बरोबर मध्ये, रेल्वेचा एक डबा उभा करण्यात आला आणि त्यात स्मिथ व काळ्या जनतेचे नेते समोरासमोर बसले. ही भेट जमवून आणली होती कौंडा आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान व्होर्स्टर यांनी. बोलणी फिसकटली. पण शत्रूशी बोलायलाही हा माणूस तयार होता, हे विसरून चालणार नाही.

खामांनी दार किलकिले ठेवले

बोत्स्वानाचे सेरेत्से खामा यांची कहाणी एखाद्या कादंबरीत शोभावी अशी. बामांग्वाटो या मोठ्या जमातीच्या गादीचे ते वारस. कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि १९४८ मध्ये रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी त्यांनी लग्न केले. काळा राजपुत्र आणि गोरी बायको! घरात काका नाराज, चर्च नाराज. पण ती नाराजी पुढे निवळली, जमातीने सुनेला स्वीकारले. शेजारची दक्षिण आफ्रिका मात्र खवळली. तिथे नुकतेच वर्णभेदवादी सरकार आले होते. दक्षिण आफ्रिकेचे सोने आणि युरेनियम ब्रिटनला हवे होते. ब्रिटनने सोयीचा मार्ग पत्करला. १९५० मध्ये खामांना लंडनला बोलावून घेतले आणि परत जाण्यास बंदी केली. गादीवरचा हक्क सोडल्यावरच १९५६ मध्ये त्यांना मायदेशी येता आले.

शेजाऱ्याच्या लहरीखातर ज्याला सहा वर्षे वनवास भोगावा लागला, त्याने सत्ता हाती येताच सूडाची भाषा केली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. खामांनी तसे केले नाही. त्यांच्या देशाची रेल्वे ऱ्होडेशिया चालवत होता. मांस विकायचे ते दक्षिण आफ्रिकेच्या वाटेने. हजारो पुरुष तिथल्याच खाणींत राबून घरी पैसे पाठवत. कौंडांकडे निदान उत्तरेचे एक दार तरी होते. खामांकडे होती ती कझुंगुलाची फेरी.

म्हणून त्यांनी मधली वाट धरली. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार चालू ठेवला, जकात संघात राहिले, पण राजदूतांची देवाणघेवाण नाकारली. वर्णभेदाचा निषेध प्रत्येक व्यासपीठावर केला. निर्वासितांना आसरा दिला, पण गनिमांना तळ दिले नाहीत. कोणी याला शहाणपण म्हणेल, कोणी कचखाऊपणा. त्या काळात दोन्ही म्हटले गेले.

यामुळे आग दारात आलीच नाही, असे मात्र नाही. स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षे बोत्स्वानाने सैन्यच ठेवले नव्हते. शाळा आणि रस्ते आधी, असा हिशेब होता. ऱ्होडेशियाच्या घुसखोरीमुळे १९७७ मध्ये सैन्य उभारावे लागले, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये लेसोमा गावाजवळ दबा धरून केलेल्या हल्ल्यात त्यातले पंधरा सैनिक मारले गेले. खामांच्या निधनानंतर, १४ जून १९८५ च्या पहाटे, दक्षिण आफ्रिकेचे कमांडो थेट राजधानीत शिरले आणि झोपेतल्या बारा जणांना ठार मारून निघून गेले. मृतांत एक लहान मूलही होते.

जमिनीखालचे धन

पण खामांची खरी परीक्षा सीमेवर झाली नाही. ती घरात झाली. १९६७ मध्ये ओरापा येथे हिऱ्यांची खाण सापडली. ही जमीन कोणाची? खामांच्याच बामांग्वाटो जमातीची. जुन्या रिवाजाने त्या धनावर जमातीचा हक्क पोहोचला असता आणि जमातीच्या गादीचे वारस तर स्वतः खामा. पण त्यांच्या पक्षाने आधीच ठरवले होते की जमिनीखालचे खनिज राष्ट्राचे, आणि त्याच वर्षी तसा कायदाही झाला. आपल्याकडे विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. नायजेरियापासून काँगोपर्यंत खनिजांच्या हक्कावरून याच दशकात रक्त सांडत होते. बोत्स्वानात ते सांडले नाही.

पुढे डी बीअर्स कंपनीशी बोलणी करताना सरकारचा सुरुवातीचा पंधरा टक्के हिस्सा १९७५ मध्ये पन्नास टक्क्यांवर नेण्यात आला. कंपनीला हाकलले नाही, आणि तिच्या हातात सर्व सोपवलेही नाही. आलेला पैसा शाळा, दवाखाने, रस्ते आणि विहिरी यांवर योजनेप्रमाणे खर्च झाला. १९७६ मध्ये देशाने स्वतःचे चलन काढले. त्याचे नाव पुला, म्हणजे पाऊस. सुटे नाणे थेबे, म्हणजे ढाल. वाळवंटातल्या माणसाला आणखी काय हवे?

त्याच सुमारास विद्यापीठ उभारायचे ठरले. पैसे अपुरे होते. माणशी एक जनावर द्या, अशी हाक खामांनी दिली. कोणी गाय दिली, कोणी धान्य, कोणी अंडी. आज त्या विद्यापीठाच्या आवारात या दात्यांची आठवण म्हणून गाय हाकणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. जुलै १९८० मध्ये खामा वारले तेव्हा देश अजून गरीबच होता, पण त्याची चाल ठरून गेली होती. पुढची दोन दशके जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत बोत्स्वानाचे नाव येत राहिले.

एका पाकिटात दोन बिले

इथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. खामा व्यवहारी म्हणून जिंकले, कौंडा भाबडे म्हणून हरले. पण हा निष्कर्ष अन्यायाचा होईल.

झांबियाला शेजारच्या युद्धाने दिलेले बिल खरे होते आणि जबरदस्त होते. शिवाय तांब्याची किंमत १९७४ मध्ये शिखरावर जाऊन वर्षभरात निम्म्याखाली कोसळली. त्यात कौंडांचा काय दोष? पण त्याच पाकिटात दुसरेही एक बिल होते, आणि ते घरचे होते.

१९६४ च्या जुलैमध्ये, स्वातंत्र्यापूर्वी, एका धार्मिक पंथाच्या उठावामुळे पुकारलेली आणीबाणी १९९१ पर्यंत उठलीच नाही. आपण एकोणीस-एकवीस महिन्यांची आणीबाणी पाहिली. त्यांनी सत्तावीस वर्षांची. १९७२ च्या अखेरीस देश एकपक्षीय झाला. शत्रू दारात उभा असताना घरात भांडणे परवडणार नाहीत, हे कारण सांगायला सोपे होते. खाणींचा ५१ टक्के हिस्सा सरकारने घेतला. पण त्या चालवणारी माणसे तयार व्हायच्या आत सरकारी महामंडळांची रांग उभी राहिली आणि खुर्च्यांवर पक्षाची माणसे बसली. तांबे पडल्यावर ते पुन्हा चढेल या आशेने कर्ज काढले. शहरातल्या लोकांना मक्याचे पीठ स्वस्त मिळावे म्हणून सवलती दिल्या, आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला पुरेसा भाव मिळाला नाही. डिसेंबर १९८६ मध्ये सवलत काढताच पिठाचा भाव दुपटीहून वर गेला, खाणींच्या पट्ट्यात दंगली झाल्या, माणसे मेली, आणि सवलत परत आणावी लागली.

ऱ्होडेशियाचे युद्ध १९८० मध्ये संपले. झिम्बाब्वे स्वतंत्र झाला. झांबियाची घसरण फक्त त्या युद्धामुळे असती तर पुढच्या दशकात ती थांबायला हवी होती. अंगोला आणि मोझांबिक धुमसत राहिले हे खरे, तरीही त्याच दशकात त्याच परिसरात बोत्स्वाना वर चढत होता. म्हणजे युद्धाने केलेल्या नुकसानापेक्षा युद्धाच्या नावाखाली जे खपवून घेतले गेले, त्याचे नुकसान अधिक टिकाऊ ठरले. कौंडांच्या चुका दाखवायला त्यांच्या घरात कोणी उरलेच नव्हते. बोत्स्वानात दर पाच वर्षांनी निवडणूक होत राहिली, विरोधक संसदेत बसत राहिले. एकच पक्ष जिंकत असला तरी आपल्याला उद्या जाब विचारला जाईल, ही जाणीव सत्तेवर असलेल्यांना होती.

बोत्स्वानाचे यश हिऱ्यांचे, असे कोणी म्हणेल. हिरे नसते तर एवढी मजल गाठता आली नसती, हे मान्य. पण हिरे सिएरा लिओनमध्येही होते, अंगोलातही होते. तिथे त्याच खड्यांवर बंदुका विकत घेतल्या गेल्या.

हिशेबाबाहेरचे

तरीही ताळेबंदात न बसणारी एक गोष्ट उरतेच. ज्या वर्षांत बोत्स्वाना शाळा बांधत होता, त्या वर्षांत दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे मुख्य कार्यालय लुसाकात होते. नामिबियाचे लढवय्ये तिथे, झिम्बाब्वेचे तिथे. गनिमांना घर मिळाले झांबियात, म्हणून बोत्स्वानाला ते नाकारता आले. एकाच गल्लीत एक घर आग विझवायला धावते, तेव्हा दुसऱ्याला आपले छप्पर ओले करायला वेळ मिळतो. नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांनी तुरुंगातून सुटले ते फेब्रुवारी १९९० मध्ये. त्याच महिन्यात त्यांनी पहिला परदेश प्रवास केला तो लुसाकाचा. ही कृतज्ञता कोणत्याही दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात मोजली जात नाही.

कौंडांच्या बाजूने आणखी एक नोंद करायला हवी. लोकांच्या दबावाखाली त्यांनी बहुपक्षीय निवडणूक मान्य केली, ऑक्टोबर १९९१ मध्ये ते सपशेल हरले, आणि मुकाट्याने पायउतार झाले. त्या काळच्या आफ्रिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

आणि बोत्स्वानाचेही सगळे गोडगोड नाही. आज त्याचे दरडोई उत्पन्न झांबियाच्या पाचपट तरी आहे, पण जगातल्या सर्वाधिक विषमता असलेल्या देशांत त्याची गणना होते. एड्सने एका पिढीचा घास घेतला. सरकारने २००२ पासून मोफत औषधोपचार सुरू केले म्हणून देश वाचला. कालाहारीतल्या सान आदिवासींना त्यांच्या भूमीतून हलवल्याबद्दल २००६ मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयाने सरकारला चुकीचे ठरवले. हिऱ्यांखेरीज दुसरा मोठा उद्योग उभा राहिला नाही. प्रयोगशाळेत हिरे तयार होऊ लागले, बाजार पडला, आणि खजिन्याला ओहोटी लागली. २०२४ च्या निवडणुकीत मतदारांनी स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेल्या पक्षाला घरी बसवले. सत्तांतर शांततेत झाले. खामांच्या शिस्तीची ही उशिरा मिळालेली पावती म्हणायला हरकत नाही. झांबियाचेही कर्ज २००५ च्या सुमारास मोठ्या प्रमाणात माफ झाले; पण पुन्हा उसनवारी झाली आणि २०२० मध्ये हप्ते थकले. तेव्हा तर ऱ्होडेशियाचे युद्ध कधीच संपलेले होते.

कझुंगुलाचा पूल खुला झाल्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी, १७ जून २०२१ रोजी, केनेथ कौंडा सत्त्याण्णव वर्षांचे होऊन वारले. ज्या नदीवर त्यांनी शत्रूसाठी दार लावले, ज्या काठावर मित्राकडे जायला एक फेरीबोट तेवढी होती, तिथून आता मालमोटारी न थांबता जातात. शेजाऱ्याची हद्द जिथे आडवी आली तिथे पूल वाकला आहे, पण पलीकडे पोहोचला आहे.

देशाला बिऱ्हाड बदलता येत नाही हे खरे. पण शेजारी भांडण पेटले असताना आपल्या घरात मुलांची शाळा चालू आहे की नाही, धान्याच्या कोठीची किल्ली कोणाकडे आहे, आणि घरातल्या धाकट्यांना कारभाऱ्याला दोन शब्द विचारायची मुभा आहे की नाही, हे तर आपण पाहू शकतो. शेजारची आग कधी ना कधी विझते. मागे घर किती उरले, याचा जबाब मात्र कारभाऱ्यालाच द्यावा लागतो.